मदत हवी आहे: कागेरा युद्धातला रणगाडा टांझानियाचा की युगांडाचा?

नमस्कार मंडळी,

१९७८-७९ च्या टांझानिया-युगांडा युद्धातल्या वाहनांची १:७२ प्रमाणातली मॉडेल्स करतोय. या युद्धाकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याच्या सैन्याने टांझानियाचा कागेरा पट्टा बळकावला, मग टांझानियाने उलट चढाई केली आणि एप्रिल १९७९ मध्ये युगांडाची राजधानी कंपाला घेतली. इतकी मोठी मोहीम, पण तिचे स्पष्ट फोटो मिळता मिळत नाहीत.

टांझानियाकडे चिनी टाइप ५९ आणि हलके टाइप ६२ रणगाडे होते. अमीनकडे टी-५५, जुने शर्मन आणि चेकोस्लोव्हाकियाची आठ चाकी ओटी-६४ चिलखती गाडी. लुकायाच्या लढाईत अमीनच्या मदतीला लिबियाचे सैनिकही उतरले होते, त्यामुळे गुंता आणखी वाढतो.

माझ्याकडच्या एका कृष्णधवल फोटोत रस्त्याकडेला रणगाडा उभा आहे. चाकांवरून काही कळत नाही. टी-५५ आणि टाइप ५९, दोन्हींत पहिल्या-दुसऱ्या चाकामधलं अंतर जास्तच असतं. पण बुरुजावर, लोडरच्या (तोफेत गोळे भरणाऱ्याच्या) झाकणापुढे, हवा खेळती ठेवणारा गोल घुमट दिसतोय. टी-५५ ला तो नसतो, म्हणून माझा कौल टाइप ५९ ला.

हे बरोबर वाटतं का? पक्कं करायला आणखी कोणती खूण बघू? आणि टांझानियाच्या रणगाड्यांचा त्या वेळचा रंग, बुरुजावरचे आकडे यांबद्दल कुणाकडे खात्रीची माहिती किंवा रंगीत फोटो असतील तर कृपया द्या. रंगकाम त्यासाठीच थांबवलंय.