मदत हवी आहे: थांबत थांबत बोलणाऱ्या वडिलांसाठी आवाजावरून मराठी नोंदी लिहिणारं मोफत अ‍ॅप

नमस्कार मंडळी,

माझे वडील रोज रात्री डायरी लिहायचे. गेल्या वर्षापासून हाताचा कंप इतका वाढलाय की स्वतःचंच अक्षर त्यांना लागत नाही. मी लिहून घेते म्हटलं तर नको म्हणतात, आणि ते मला पटतं. डायरी कुणाला सांगून लिहायची गोष्ट नाही. म्हणून त्यांनी फोनशी बोलावं आणि ते मराठीत उमटावं, असं ठरवलं.

अडचण अशी की एक वाक्य झालं की ते दहा-पंधरा सेकंद गप्प बसतात, मग पुढचं बोलतात. तेवढ्यात माइक बंद होतो. त्यांना ते कळत नाही, ते बोलत राहतात. परवा आजीबद्दल बराच वेळ बोलले आणि स्क्रीनवर उमटली फक्त पहिली ओळ. पुन्हा सांगा म्हटलं तर म्हणाले, "आता ते तसं नाही यायचं." फार वाईट वाटलं.

फोन अँड्रॉइड आहे. वर्गणी भरावी लागणारं नको. आवाजही जपला गेला तर फारच बरं, आणि बटणं कमीत कमी दाबावी लागावीत. ओटर नावाचं बोलणं लिहून देणारं अ‍ॅप पाहिलं, त्यात फुकट महिन्याला ३०० मिनिटं मिळतात, पण मराठी नाही. कुणाला काही माहीत आहे का?

---

गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब वापरून बघा. २०१९ साली आलं, ऐकू न येणाऱ्यांना समोरच्याचं बोलणं वाचता यावं म्हणून. त्यामुळे ते गप्प बसलं तरी ऐकत राहतं, तुमची मुख्य अडचण तिथेच सुटते. मोफत आहे, मराठी आहे, अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात. मात्र सेटिंगमध्ये जाऊन मजकूर जपण्याचा पर्याय चालू करा. तो चालू केला तरी मजकूर फक्त ३ दिवस राहतो, त्याआधी कॉपी करून गूगल कीप या नोंदींच्या अ‍ॅपमध्ये किंवा दुसरीकडे ठेवावा लागतो. आवाज मात्र ते साठवत नाही.

---

मी तर म्हणेन, आधी आवाज जपा, अक्षरं मागाहून. फोनमधला साधा रेकॉर्डर कितीही वेळ गप्प बसलात तरी बंद होत नाही. एकदा रेकॉर्डिंग हाती असलं की त्यावरून मजकूर कधीही काढता येतो. त्यासाठी व्हिस्पर नावाचा प्रोग्राम आहे. ओपनएआय या कंपनीने २०२२ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. ते स्वतःच्या संगणकावर, इंटरनेटशिवाय चालतं. डायरीसारखी खाजगी गोष्ट बाहेर कुठे जात नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पण ते शिकवायला वापरलेल्या ६,८०,००० तासांच्या आवाजात जवळजवळ दोनतृतीयांश इंग्रजी होतं, त्यामुळे मराठीत चुका जास्त. व्हिस्पर लहान-मोठ्या आकारांत मिळतं, त्यांना मॉडेल म्हणतात; लहान मॉडेल घेऊ नका, संगणकाला झेपेल तेवढं मोठं घ्या. आणखी एक, लांब शांततेच्या जागी ते कधी कधी न बोललेली वाक्यं घालतं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत हे नक्की तपासा. गप्प राहिलेल्या जागा आधी कापून टाकल्या तर बराच फरक पडतो.

---

कीबोर्डच्या माइकनेच लिहायचं असेल तर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा वेगळी जोडून घ्या. २०१७ पासून त्यात मराठी बोलून लिहिता येतं. भाषा हिंदीवर राहिली तर मराठी वाक्याची पार मोडतोड होते. पण लांब थांबणाऱ्यांसाठी वरचे दोन उपाय जास्त बरे.

---

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही उपाय एकत्र केले. वडिलांच्या फोनवर लाइव्ह ट्रान्सक्राइब आणि शेजारी माझा जुना फोन, त्यावर रेकॉर्डर. काल ते वीस मिनिटं बोलले. मधे एकदा बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले आणि मग पुढे सुरू झाले, एक ओळ गेली नाही. नावं आणि गावांची नावं चुकतात, पण वाचून कळतं. ते स्वतः वाचत होते, मी खोलीत गेले नाही.

आता एकच अडलंय. ३ दिवसांच्या आत मजकूर कॉपी करायचा तर बोट दाबून धरावं लागतं, आणि कंपामुळे नेमकं तेच त्यांना जमत नाही. मी केलं तर मला ते वाचावं लागेल. बोट दाबून न धरता हे करायची काही युक्ती आहे का?