सायकलची अलॉय (अ‍ॅल्युमिनियम) फ्रेम हादरे देते. क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम स्टीलची) घेऊ का?

प्रश्न: अलॉय फ्रेम, कार्बन फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), 25 मिमी टायर, दोन्हीकडे हवेचा दाब 100 पीएसआय. माझं वजन 74 किलो. रंबलरवर (रस्त्यावरच्या उंचवट्यांच्या पट्ट्यांवर) हादरे थेट मनगटात, तासाभरात बोटांना मुंग्या. क्रोमोलीने फरक पडेल? चढावर ती लवचिक तर नाही ना पडणार?

उत्तर १: ‘स्टील मऊ, अ‍ॅल्युमिनियम कडक’ हे उलटं आहे. धातू म्हणून स्टील सुमारे तिप्पट ताठर. फरक नळीच्या व्यासाचा. भिंतीची जाडी तीच ठेवली तर ताठरपणा व्यासाच्या घनाने वाढतो. 28.6 मिमीच्या स्टीलऐवजी 44 मिमीची अ‍ॅल्युमिनियम नळी धरा: ताठरपणा सुमारे सव्वापट, वजन जेमतेम निम्मं. त्यात अ‍ॅल्युमिनियम वारंवार वाकलं की कधीतरी तडकतंच, म्हणून बनवणारे ते फार वाकूच देत नाहीत. जुन्या वितुस 979 या सायकलमध्ये बारीक अ‍ॅल्युमिनियम नळ्या होत्या. ती लवचिकतेसाठीच ओळखली जायची. कॅननडेल या सायकल कंपनीने 1983 नंतर जाड नळ्या घातल्या, तोच धातू कडक ठरला.

आणि हाय-टेन (साधं, स्वस्त स्टील) काय, क्रोमोली काय, ताठरपणा जवळपास सारखाच. क्रोमोली मजबूत, म्हणून भिंत पातळ करता येते, एवढंच.

उत्तर २: वरचं बरोबर, पण फ्रेमवर पैसे घालवू नका. त्रिकोणी फ्रेम उभ्या दिशेने मिलिमीटरभरही दबत नाही. टायर कित्येक मिलिमीटर दबतो. आधी 28 मिमी टायर, मागे 75, पुढे 68 पीएसआयपासून सुरुवात. ट्यूबवर समोरासमोर दोन चिरा पडून पंक्चर झालं, तर हवा कमी आहे. 5 ने वाढवा. मुंग्या तरीही आल्या तर सीटचं नाक खाली झुकलंय का बघा, सगळा भार हातांवर येतो.

मागच्या हादऱ्यांसाठी 27.2 मिमीचा कार्बन सीटपोस्ट (सीटखालची दांडी). फ्रेमचं भोक 31.6 असेल तर शिम (मध्ये बसणारी पातळ नळी) लागेल. कार्बन पेस्ट लावा, ग्रीस नको. पोस्ट किमान किती आत हवा याची खूण त्यावर असते, तिच्यापेक्षा वर काढू नका.

लवचिकतेचं म्हणाल तर उभं राहून जोर लावताना चेन पुढच्या डिरेलरला (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाला) घासते का, एवढंच तपासा.

प्रश्नकर्ता: 28 बसेल का, कसं ओळखू?

उत्तर २: आत्ताच्या टायरच्या दोन्ही बाजूंना किमान 5.5 मिमी आणि ब्रेकखाली किमान 7 मिमी जागा हवी; तेवढ्या जाडीची अ‍ॅलन की (षटकोनी पाना) घालून बघता येईल. रिम (चाकाचं कडं) रुंद असेल तर 28 चा टायर प्रत्यक्षात 30 भरतो. रिम ब्रेक असेल तर अडतं ते बहुधा ब्रेकच्या कमानीखालीच.