ग्रोथ फॅक्टर : वृद्धिघटक की वृद्धिकारक?

विचारणा : इथे इंदूरला मुलं हिंदी-इंग्रजीत शिकतात. भाचीला बेडकाच्या पिट्यूटरीचा, म्हणजे मेंदूखालच्या छोट्या ग्रंथीचा, धडा मराठीत समजावायला बसले आणि अडले. पीयूष ग्रंथी म्हणू की पोष ग्रंथी? ग्रोथ हार्मोन आणि ग्रोथ फॅक्टर यांना वेगवेगळे शब्द आहेत का? आणि बेडकी पिल्लांना दूध पाजत नाही, मग याच ग्रंथीच्या प्रोलॅक्टिन या हार्मोनला ‘दुग्धजनक’ कसं म्हणायचं?

उत्तर : ताई, मी होळकर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलो, तेव्हापासून हे शब्द मनात घोळताहेत.

लॅटिन ‘पिट्युइटा’ म्हणजे कफ. मेंदूतला कफ या ग्रंथीतून नाकात उतरतो, अशी जुन्या वैद्यांची समजूत होती. आपल्याकडे नाद जुळला तो ‘पीयूष’शी, म्हणजे अमृताशी. संस्कृतात नुकत्याच व्यालेल्या गाईच्या चिकालाही पीयूष म्हणतात. शब्द फार गोड आहे, पण माझं मत ‘पोष ग्रंथी’ला. फिलिप स्मिथने 1916 मध्ये बेडकाच्या भ्रूणातून या ग्रंथीचा अंकुर काढून टाकला. ते बेडूकमासे फिकट, चंदेरी झाले आणि त्यांचे बेडूक झालेच नाहीत. थायरॉइडला चालना देणारं आणि कातडी गडद करणारं, दोन्ही संप्रेरकं, म्हणजे हार्मोन, इथूनच येतात. पोसणारी ती पोष ग्रंथी.

प्रोलॅक्टिन तसंच ठेवा. बेडूकमाशावरच्या प्रयोगांत ते रूपांतर लांबवतं, न्यूट या शेपटीवाल्या उभयचराला पाण्याकडे ओढतं. दुधाचं नाव दिलं तर मूल भलतीकडे जाईल.

आता मुख्य प्रश्न. ग्रोथ हार्मोन म्हणजे वृद्धिसंप्रेरक. ते रक्तातून दूर जातं. ग्रोथ फॅक्टर बहुधा जवळच काम करतो, शेजारच्या पेशीवर किंवा स्वतःच्याच पेशीवर. आफ्रिकेतला नखवाला बेडूक झेनोपस काळ्या तळावर ठेवला की पोष ग्रंथीच्या मधल्या खंडातल्या मेलॅनोट्रोप पेशी फुगतात आणि रंग गडद करणारं एमएसएच संप्रेरक सोडतात. त्याच पेशी बीडीएनएफ नावाचा ग्रोथ फॅक्टरही बनवतात आणि तो उलट त्यांनाच चेतवतो. जो करवून घेतो त्याला ‘घटक’ का म्हणावं? घटक म्हणजे भाग, जसा मिश्रणाचा घटक. लॅटिनमध्ये फॅक्टर म्हणजे करणारा. म्हणून वृद्धिकारक.

दुसरं मत : काका, संस्कृतात ‘घटक’ म्हणजे घडवून आणणाराच. बंगालीत तर लग्न जुळवणाऱ्याला घटक म्हणतात. शिवाय कारक म्हटलं की शाळेतलं व्याकरण आठवतं.

उत्तर : मुळाबद्दल तुमचं अगदी बरोबर, आणि बंगालीचं उदाहरण मला फार आवडलं. पण भाचीच्या कानाला ‘घटक’ भागच वाटणार, आणि तिला वाटेल की ग्रंथी वृद्धिघटकांची बनलेली आहे. उलट रोगकारक, अपायकारक हे शब्द ती रोज ऐकते. त्यांच्या ओळीत वृद्धिकारक सहज बसतो.

विचारणाऱ्या ताई : काल तिला काळ्या तळावरच्या बेडकाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “म्हणजे पेशी स्वतःच स्वतःला ‘वाढ!’ म्हणते.” वृद्धिकारक शब्द मी त्यानंतर सांगितला.