प्रतिसाद: अनंताची पानं पिवळी पडणं

अनंताची पानं पिवळी का पडतात या प्रश्नावर वर कुणीतरी म्हटलंय, 'पानं पिवळी पडली म्हणजे खत कमी पडतंय'. हे मला अर्धंच पटलं. खत घालण्याआधी कुठली पानं पिवळी आहेत ते बघा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर नत्र कमी असू शकतं, कारण झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या फुटीला पुरवतं. लोहाचं तसं नाही, ते सहजी हलत नाही. म्हणून लोह कमी पडलं की शेंड्याची कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अनंत, एक्झोरा, अझेलिया या आम्लधर्मी माती लागणाऱ्या झुडपांत हे फार दिसतं.

आणि बहुतेकदा मातीत लोह असतंच! मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचं माप) साडेसातच्या आसपास किंवा वर गेला की मुळांना ते घेता येत नाही. त्यामुळे कुणीतरी सुचवलेली लाकडाची राख इथे कृपया घालू नका, तिने सामू आणखी चढतो. चिलेटेड लोह (मुळांना घेता यावं म्हणून दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं लोह) मातीत द्यायचं असेल तर पाकिटावरचं नाव नीट वाचा. ईडीटीए प्रकार सामू साडेसहाच्या पुढे फारसा टिकत नाही, ईडीडीएचए साधारण नऊपर्यंत टिकतो. माझ्या अनंताला फरक पडला तो या दुसऱ्यानेच. आधीच पूर्ण पिवळी झालेली पानं मात्र बहुधा तशीच राहतात, गुण आला की नाही ते नव्या फुटीवर बघा.