ड्रम कोअरचा उन्हाळा आणि कॉलेजची सुरुवात
ड्रम कोअरचा (पितळी वाद्ये आणि ड्रम वाजवत संचलन करणाऱ्या तरुणांच्या पथकाचा) उन्हाळी दौरा पूर्ण करून मुलाला लगेच कॉलेज सुरू करता येईल का, या आपल्या प्रश्नात खरी अडचण ऑगस्टची आहे. डीसीआयची (ड्रम कोअर इंटरनॅशनल, या पथकांच्या स्पर्धा भरवणारी संस्था) अंतिम स्पर्धा अमेरिकेतील इंडियानापोलिसला साधारण ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास होते आणि सेमिस्टर पद्धतीच्या अनेक विद्यापीठांचे वर्ग त्यानंतर एक-दोन आठवड्यांतच भरू लागतात. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठासारख्या क्वार्टर पद्धतीच्या (वर्षाची चार सत्रे असलेल्या) ठिकाणी मात्र सप्टेंबरअखेरपर्यंत उसंत मिळते. विषयनोंदणी आणि लसीकरणाची कागदपत्रे मे महिन्यातील सरावशिबिरापूर्वीच उरकावीत, कारण रात्रभर बसप्रवास आणि एखाद्या शाळेच्या जिममध्ये जमिनीवर झोप, अशा दिनक्रमात (मुले कितीही कबूल करोत) लॅपटॉप उघडला जात नाही. वसतिगृहाचे सामान पालकांनी गाडीतून थेट इंडियानापोलिसला नेल्यास तेथूनच कॉलेज गाठता येते.