एसएआर ०.९८ म्हणजे जास्त का? आईचा फोन परत करू का?

पडवीतली: आईसाठी नवीन फोन घेतला, *#०७# डायल केलं तर डोक्यासाठी एसएआर (म्हणजे फोनच्या लहरींतली किती ऊर्जा शरीर शोषतं त्याचं माप) ०.९८ दाखवतोय आणि माझ्या फोनला ०.५५. म्हणजे तिच्या फोनचं रेडिएशन जवळजवळ दुप्पट का? ती गावी असते, चिऱ्याचं घर, माजघरात जेमतेम एक काडी रेंज, आणि मावशीचा फोन आला की तासभर कानालाच. बाजारात तो मागे चिकटवायचा रेडिएशनवाला स्टिकर मिळतो तो घेऊ का? प्लीज कुणीतरी नीट सांगा, खरंच टेन्शन आलंय.

सिग्नलवाला: ताई, फोन परत करू नका. आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून लिमिट १.६ वॅट प्रति किलो आहे, दोन्ही फोन त्याच्या आत आहेत. (युरोपात २ आहे पण ते १० ग्रॅम ऊतींच्या सरासरीवर, आपलं १ ग्रॅमवर, त्यामुळे आपलं जास्त कडक.) आणि हा आकडा लॅबमध्ये फोन फुल पॉवरवर ठेवून काढतात, रोज बोलताना फोन टॉवरपर्यंत पोचायला लागेल तेवढीच पॉवर टाकतो. रेंज नसली की जोर लावतो. म्हणजे तुमचा ०.५५ वाला माजघरात आणि आईंचा ०.९८ वाला अंगणात, तर आईंचाच कमी पडू शकतो! स्टिकर अजिबात नको, त्याने खरंच काही अडलं तर सिग्नलच अडणार आणि फोन अजून पॉवर वाढवणार.

नीता_ठाणे: पण मग टॉवर जवळ असलेला बरा की काय? आमच्या सोसायटीत गच्चीवरच्या टॉवरवरून केवढी भांडणं चाललीत

सिग्नलवाला: हो, फोनच्या बाबतीत जवळच बरा. टॉवरचा अँटेना लहरी मुख्यतः समोर फेकतो, बरोबर खाली फार कमी येतं. आणि टॉवरला आपलं लिमिट आंतरराष्ट्रीय लिमिटच्या एक दशांश आहे. शंका असेल तर सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर फी भरून मोजणी करून घेता येते, भांडण्यापेक्षा ते करा.

मधुरा_के: डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने २०११ मध्ये मोबाईलच्या लहरींना '२बी' म्हणजे 'कदाचित कॅन्सरकारक' या गटात टाकलं होतं, ते वाचून लोक घाबरतात. पण २०२४ ला डब्ल्यूएचओनेच करून घेतलेल्या आढाव्यात मोबाईल आणि मेंदूच्या कॅन्सरचा संबंध दिसला नाही. तरी नियम कागदावरच राहत नाहीत हं, २०२३ मध्ये फ्रान्सने आयफोन १२ ची विक्री थांबवली होती, हातात धरून केलेल्या टेस्टमध्ये एसएआर ५.७४ आलं म्हणून (हातापायांसाठी तिथलं लिमिट वेगळं, ४ आहे), मग ॲपलला अपडेट द्यावा लागला. तासभर बोलायचंच असेल तर स्पीकर नाहीतर वायरवाला इअरफोन, फोन डोक्यापासून वीतभर लांब गेला तरी खूप फरक पडतो.

पडवीतली: खूप खूप आभार सगळ्यांचे 🙏 घरात वायफाय आहे, त्यावरून कॉल केला तर?

सिग्नलवाला: मग तर उत्तमच. सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग ऑन करा, राउटर माजघराच्या जवळ ठेवा, फोनला लांबचा टॉवर गाठायला जोर लावावा लागणार नाही. फक्त सिम कंपनी आणि फोन दोन्हीला ती सोय आहे ना ते आधी बघा.