पोलंडमध्ये छोटी असेंब्ली: वॉर्सा की वुच?

सुटेभाग: चाकणच्या एका लघुउद्योगाला वॉशिंग मशीनच्या प्लास्टिक भागांचं गोदाम आणि असेंब्ली पोलंडमध्ये टाकायची आहे. भागधारक दोघं, दोघंही भारतीय. शहर कुठलं घ्यावं? करसवलत मिळते म्हणतात, मग मशीनची ऑर्डर आत्ताच देऊन टाकली तर?

ताळेबंद: ऑर्डर मुळीच देऊ नका. २०१८ पासून ही सवलत जवळजवळ देशभर कुठेही मिळू शकते, पण विभागीय आर्थिक क्षेत्राचा (ही सवलत मंजूर करणाऱ्या तिथल्या संस्थेचा) निर्णय हातात येण्याआधी मशीनची पक्की ऑर्डर गेली की काम सुरू झालं असं धरतात आणि अख्खा प्रकल्प बाद होतो. जमीन घेणं, परवान्यांची तयारी करणं एवढं आधी चालतं. खर्चाचा किमान २५ टक्के वाटा स्वतःचा लागतो आणि लघु-मध्यम उद्योगाला गुंतवणूक ३ वर्षं तिथेच ठेवावी लागते, मोठ्यांना ५.

शहर वुच. बॉश गटातल्या 'बीएसएच'चे (पूर्वीची बॉश-सीमेन्स) वॉशिंग मशीन, डिशवॉशरचे कारखाने तिथेच आहेत, म्हणजे गिऱ्हाईक दारात. ए१ आणि ए२ महामार्ग शहराच्या उत्तरेला स्त्रिकूफजवळ एकमेकांना छेदतात. चीनच्या छंतूहून मालगाडी २०१३ पासून येते. वॉर्सा सव्वाशे-दीडशे किलोमीटर, कामापुरतं जाऊन यायचं.

शिक्कामोर्तब: कंपनी म्हणजे तिकडची 'स्पूका झेट ओ-ओ', आपल्या प्रायव्हेट लिमिटेडसारखी. भांडवल किमान ५,००० झ्लॉटी. ऑनलाइन नोंदणी स्वस्त पडते, पण आपली डीएससी (भारतातली डिजिटल सही) तिथे चालत नाही, युरोपात मान्य असलेली ई-सही लागते. नाहीतर नोटरीकडून: अपोस्टिल केलेलं (परदेशात ग्राह्य धरण्यासाठी सरकारी शिक्का मारलेलं) मुखत्यारपत्र आणि शपथबद्ध भाषांतरकाराचं भाषांतर. नोंदणीनंतर १४ दिवसांत खऱ्या मालकांची नोंद केलीच पाहिजे, ही बऱ्याचदा विसरते.

खरं घोडं अडतं ते बँकेत. खातं लवकर निघत नाही म्हणून परदेशी फिनटेक (ॲपवरच्या ऑनलाइन सेवेचं) खातं काढतात. पण १५,००० झ्लॉटींवरचं बिल व्हॅटच्या 'पांढऱ्या यादी'तल्या (नोंदणीकृत उद्योग आणि त्यांच्या खात्यांच्या सरकारी यादीतल्या) खात्यावर भरलं नाही तर गिऱ्हाईकाला तो खर्च करात दाखवता येत नाही, आणि यादीत पोलिश बँकांचीच खाती असतात. मग गिऱ्हाईक बिल अडवतं. नुसतं व्हर्च्युअल ऑफिस दाखवलं तर व्हॅट नोंदणीतही प्रश्न विचारतात.

सुटेभाग: शेड विकत घ्यावी का?

शिक्कामोर्तब: भाड्याने घ्या. कंपनी पोलिश असली तरी ताबा युरोपबाहेरच्यांचा, म्हणजे जमीन घ्यायला गृहखात्याची परवानगी आली. भाडेकराराला ती लागत नाही.

ताळेबंद: आणि इकडची, भारतातली बाजू विसरू नका. पैसे पाठवण्याआधी बँकेमार्फत फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीचा रिझर्व्ह बँकेचा फॉर्म) आणि यूआयएन (त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक). त्यानंतर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एपीआर, म्हणजे परदेशी कंपनीच्या कामगिरीचा वार्षिक अहवाल. पोलंडमध्ये कॉर्पोरेट कर १९ टक्के आहे, पण वार्षिक विक्री २० लाख युरोंच्या आत राहिली तर ९ टक्के. सवलतीची कागदपत्रं करायची की नाही, ते या ९ टक्क्यांशी ताडून ठरवा. छोट्या असेंब्लीला तेवढा खटाटोप परवडेलच असं नाही.